फणस फोडून सांगितलेला कॅन्सर

"शास्त्र तुझ्याकडे असेल गो मृणाली, पण ते लोकांच्या डोक्यात उतरवायची कला माझ्याकडे!" राजेंद्रकाकांनी पुतणीला फोनवरच निकालात काढलं. सरकारी कचेरीत तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस! हातखंब्याजवळच्या त्या वाडीत काकांनी ज्याला काहीच समजावून सांगितलं नाही, असा एकही जीव उरला नव्हता.

मृणाली पुण्याच्या प्रयोगशाळेत होती. शरीरातल्या पेशी एकमेकींना कशा धरून राहतात आणि कॅन्सरमध्ये ती पकड सुटून भलतीकडे कशा पसरतात, हा तिचा विषय. मे महिन्यात ती दोन दिवस घरी येणार, म्हणून काकांनी सत्कार ठरवला. मृणालीची अट एकच. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत बायकांसाठी स्तनांच्या तपासणीचं शिबिर होतं, त्याला वाडीतून वीस नावं हवी होती.

"वीस? चाळीस देतो!" काका म्हणाले.

आठ दिवसांत एकही मिळालं नाही. असल्या तपासणीसाठी कुठली बाई राजेंद्रकाकांच्या वहीत नाव लिहून देणार? पण हे त्यांना सांगणार कोण!

सत्काराला विहाराचं सभागृह गच्च भरलं. जयभीम झालं, शाल झाली. मृणाली बोलायला उठली, तोच काकांनी माइक हिसकावला. "ती इंग्रजीत अडकेल. मी थोडक्यात सांगतो!"

टेबलावर भलामोठा फणस होता. पेशी गऱ्यांसारख्या दाटीवाटीने राहतात, असं मृणालीच फोनवर बोलता बोलता म्हणाली होती. काकांनी थेट प्रयोगच मांडला.

"हा फणस म्हणजे शरीर! गरे म्हणजे पेशी! आणि त्यांना धरून ठेवणारा चीक तो—" असं म्हणत काकांनी कोयती घातली.

फणसाला हात लावण्याआधी तळव्यांना खोबरेल चोळायचं असतं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण काका जन्मभर ताटलीत आलेले गरे खात आले होते! फणस कसा फोडतात, हे सुनंदाकाकीला ठाऊक.

चीक बोटांना लागला. बोटं काकांनी पांढऱ्या शर्टाला पुसली, मग शर्ट सोडवायला दुसरा हात घातला. अध्यक्ष बाबाजी मदतीला धावले, तर त्यांची बाही काकांच्या कोपराला चिकटली! उजव्या मुठीत माइक असा बसला की जन्मापासून तिथेच असावा!

"बघा! हीच ती पकड!" काका तरीही ओरडत होते. सभागृह पोट धरधरून हसत होतं. मृणालीने डोक्याला हात लावला.

शेवटी सुनंदाकाकी खोबरेलाची बाटली घेऊन आली आणि काकांना ओढत पडद्यामागे घेऊन गेली.

"गप उभे ऱ्हावा."

"एवढा घसा फोडला, पण नाव एक नाय!" काका कुरकुरले.

"माझं घाला."

"तू कशाला? शोभेला?"

काकी तेल चोळता चोळता थांबली. "दोन महिने झाले. छातीत गाठ लागतेय हाताला."

"दोन महिने? आणि मला बोलली नायस?"

"तुमचं बोलणं संपायची वाट बघत होते."

काकांच्या मुठीतला माइक चालू होता! पडद्यामागचं सगळं बोलणं सभागृहाने ऐकलं होतं. मग मागच्या रांगेतून गोदूबाई उठली. "मृणाली, माझंपण लिही गो. गेल्या दिवाळीपासून लपवतंय मी." तिच्यामागून दुसरी उठली, तिसरी उठली. मृणालीच्या वहीत सव्वीस नावं झाली, आणि तिला भाषणाचा एक शब्दही बोलावा लागला नाही.

काकीची गाठ पुढे पाण्याची निघाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गोदूबाईची तशी निघाली नाही. तिच्यावर उपचार चालू आहेत, आणि डॉक्टर म्हणतात, आलात ते बरं झालं.

शिबिराच्या दिवशी काका रात्रभर न झोपता आले होते. डोळे लाल झालेले. पण बाकावर चार नवरे दिसले आणि त्यांना राहवलं नाही. पेशी, पकड, पसरणं, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू! तेवढ्यात नर्स फॉर्म घेऊन बाहेर आली.

"सुनंदाबाईंबरोबर कोण आहे?"

"मी! विचारा, काय हवं ते विचारा!"

"गाठ कुठल्या बाजूला आहे?"

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"मला... माहीत नाय."

"मग मघापासून या सगळ्यांना काय समजावताय?"