पोलिश जॅझ आणि जेवणाचं टेबल

कानसेनांना घरी बोलवायचं मी ठरवलं, एवढंच माझं चुकलं. बाकी सगळं आपोआप होत गेलं.

कानसेन म्हणजे आमच्या गावातल्या श्रोता मंडळाचे सर्वेसर्वा. खरं नाव कुणी घेत नाही. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जुन्या रेकॉर्ड ऐकायला माणसं जमतात, पण खुर्च्या मोजक्या. कुणी गाव सोडून गेलं तरच नव्याची वर्णी लागते. तशी एक खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. मी फोन केला. (त्यांना मी कधी पाहिलेलं नव्हतं.)

"तुमच्याकडे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पोलिश जॅझ."

पलीकडे डायरीची पानं चाळल्याचा आवाज. मग, "रविवारी सकाळी येतो."

मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर असतो. कुणाचं काय मोडलं, काय जळलं, काय बुडालं, हे दिवसभर ऐकायचं. अशा माणसाने संध्याकाळी पोलंडच्या लोकांचं जॅझ ऐकावं. ती माणसं घाईत नसतात. ट्रम्पेटवाला एक सूर लावतो आणि गप्प बसतो, जणू तो सूर खोलीभर फिरून कुठे टेकतोय ते त्यालाच पाहायचं आहे. तिथल्या सरकारला एके काळी हे संगीत खपत नसे, तेव्हा लोक एकमेकांच्या घरी जमून वाजवायचे. म्हणून ते असं दबक्या पावलांनी येतं का? मला याचं फार कुतूहल. कव्हरवर सगळं लिहिलेलं असेलही, पण ते पोलिश भाषेत. एका शब्दात तर इतकी व्यंजनं सलग होती की तो उच्चारताना माझी दाढ हलली.

हिचं म्हणणं स्पष्ट होतं. "मंडळात घेतलं तर रेकॉर्ड हॉलमध्ये राहतील. नाही घेतलं तर माळ्यावर."

त्याच आठवड्यात ही म्हणाली, "अहो, रविवारी सकाळी पॉलिशवाले येतायत. घरीच थांबा."

मी चकित. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? किती दिवस मागे लागलेय मी तुमच्या!"

(ही पोलिश जॅझसाठी माझ्या मागे लागली होती, हे मला नवीन होतं. पण ऊर भरून आला.)

"माणूस जाणकार आहे म्हणे," ती म्हणाली.

"जाणकार? अगं, अस्सल काय नि नकली काय, एका क्षणात ओळखतात!"

"मग त्यांना गॅलरीतच बसवू."

"गॅलरीत? छे, हॉलमध्ये!"

"घरभर वास सुटेल."

इथे मला शंका यायला हवी होती. पण मला वाटलं, कानसेन चिरूट ओढत असतील.

रविवारी बेल वाजली. दारात पांढऱ्या मिशांचे, धीरगंभीर गृहस्थ. हातात कापडी पिशवी. मी त्यांना हाताला धरून आत आणलं. ते थेट माझ्या रेडिओग्रामपाशी गेले. लाकडी कपाटातला, सासऱ्यांनी दिलेला. त्यावर मी रेकॉर्ड मांडूनच ठेवली होती.

"जुनं दिसतंय," ते म्हणाले.

"जुनं आणि पोलिश!"

"ते कळतंय. पण उडालंय."

"उडालंय?"

"वरचा थर गेला. आतला माल मात्र अस्सल आहे."

मी सद्गदित झालो. या संगीताबद्दल इतक्या थोडक्यात इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं. मी सुई टेकवली.

"हा ट्रम्पेट ऐका. कसा मध्ये मध्ये रिकामी जागा सोडतो!"

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "रिकाम्या जागेत लांबी हवी."

"म्हणजे सोलो आणखी लांबवायला हवा होता?" (लाकडाच्या भेगा बुजवायला जो लगदा भरतात त्याला लांबी म्हणतात, हे मला नंतर कळलं.)

"आणि दोन हात द्यावे लागतील."

"काय कान आहे तुमचा! पियानोवाला इथे खरंच एकाच हाताने वाजवतो!"

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. मी रेकॉर्ड उलटली. मध्ये केव्हातरी बेल वाजली आणि हिने दार उघडलं, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

थोड्या वेळाने ही चहा घेऊन आली. "हे तुमचे पाहुणे का? पॉलिशवाल्यांना मी गॅलरीत कामाला लावलंय. नवशिके वाटतात, पण घासतात मन लावून."

मी समोरच्या गृहस्थांकडे वळलो. "मग आपण?"

"पॉलिशवाला. जेवणाचं टेबल करायचंय म्हणून बोलावलं होतं. तुम्ही मला या पेटीपाशीच धरून ठेवलंय."

मी गॅलरीकडे धावलो. कोटाच्या बाह्या वर सारलेले, भुशाने पांढरे झालेले एक किडकिडीत गृहस्थ डोळे मिटून आमचं टेबल घासत होते. हॉलमधून येणाऱ्या ड्रमच्या ठेक्यावर.

"साहेब, माफ करा, फार मोठा घोटाळा–"

"शू!" कानसेन म्हणाले. "ड्रमवाला ब्रशने वाजवतोय." आणि सँडपेपर फिरवत राहिले. बाजू संपल्यावर म्हणाले, "बाई म्हणाल्या, आधी हे घासा. वाटलं, तुमच्याकडे ऐकण्याआधीची ही पद्धत असेल. चांगली आहे. घरी मला कुणी कशाला हातच लावू देत नाही."

काय घडलंय ते हिला उमगलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. पण जाणकार माणूस समोर होता, तिला राहवेना.

"एक विचारू? याच बाजूला शेवटी शेवटी कुणीतरी हळूच गुणगुणतं. ते कोण?"

"गुणगुणतं?" मी म्हणालो. "कुणी गुणगुणत नाही."

"पुन्हा लावा," कानसेन म्हणाले.

आम्ही चौघं रेडिओग्रामभोवती उभे राहिलो. पॉलिशवाल्यांनीही चहाचा कप हलकेच खाली ठेवला. सॅक्सोफोन मंद होत गेला आणि त्याच्या पाठीमागे, पियानोच्या सुरांना लगटून, एक घोगरा, बेसूर आवाज आला. कुणी एकटा असताना गुणगुणतो ना, तसा.

"पियानोवाला," कानसेन पुटपुटले. "त्याच्या नकळत. इतकी वर्षं ही रेकॉर्ड ऐकतोय मी, पण हे कधी ऐकू आलं नव्हतं."

"मी रोज स्वयंपाकघरातून ऐकते," ही म्हणाली. "तो खूश असतो की घाबरलेला, तेच कळत नाही."

कानसेनांनी अंगावरचा भुसा झटकला. "बाई, ती रिकामी खुर्ची तुमची. पुढच्या रविवारी या."

रेकॉर्ड माळ्यावर जाणार नव्हत्या, हे खरं. तरी मी विचारलंच, "आणि मी?"

"तुम्ही," ते सौम्यपणे म्हणाले, "ऐकताना बोलता."

पुढच्या रविवारी पॉलिशवाले टेबलाला शेवटचा हात देऊन गेले आणि ही नवी साडी नेसून मंडळात निघाली. जाताना बजावलं, "टेबल ओलं आहे, हात लावू नका."

ओलं म्हणजे नेमकं किती ओलं, एवढंच मला पाहायचं होतं.

पाचही बोटांचा ठसा आता कायमचा उमटलाय. घरी कुणी आलं की ही टेबलक्लॉथ बाजूला सारते आणि दाखवते, "हे आमच्या ह्यांचं एकमेव रेकॉर्डिंग."