गूळ घाट चढला, महाराज न चढले, त्याची हकीकत

श्री इंजिनदेवता प्रसन्न. वाचणारांस क्षेम, ऐकणारांस विश्राम, आणि घाट चढणारांस पहिला गिअर. शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सरे, माघमासी एका सपाट राज्यात भानजीराजे गादीवर होते. राज्य ऐसे सपाट की वाटाणा ठेविला तरी घरंगळेना. महाराजांस एकच षोक, की आपली जीप आपण हाकावी, आणि सपाटीवर ती वाऱ्यासारखी धावे. रीत ऐशी होती की महाराजांचा पाय उघड्यावर पडू नये, म्हणोन महालापासून जीपपर्यंत मखमली पायघड्या घालीत, आणि आत्यासाहेबांच्या आग्रहास्तव जीपच्या आतही चार पदरी घालीत, आणि महाराज उतरले की हुजरे आतल्या-बाहेरल्या साऱ्या अदबीने गुंडाळून नेत. मग महाराजांचे मन डोंगरराज्याच्या मैनाराजे यांजवर जडले, बोलणी जाहली, आणि टिळ्यासाठी स्वारी घाटास लागली, तो पहिल्याच वळणावर जीप दम खाऊ लागली, रेस द्यावी तो नुसती कण्हे आणि वेग न घे, आणि मागून शेळ्यांचा कळप आला तो पुढे निघोन गेला, आणि अखेर डोंगरकऱ्यांनी जीप ढकलीत गडावर नेली. मैनाराजे सज्ज्यातून पाहत होत्या. त्या बोलिल्या, "महाराज, आपणांस आणिले आमच्या माणसांनी, मग माळ त्यांच्याच गळ्यात घालू की काय? फाल्गुन शुद्ध तृतीयेचा मुहूर्त आहे. आपले आपण चढून या. ढकलून आणलेला नवरा आम्हांस नको." महाराज परत आले ते त्या दिवशी जेवले नाहीत, म्हणजे तिसऱ्यांदा वाढून घेतले नाही.

मग गाडीखान्याचे दरोगे नरसो गोविंद यांस हुकूम जाहला. नरसोपंतांनी एअर फिल्टर झाडिला, प्लग बदलिले, कार्बोरेटर धुतला, क्लचप्लेट नवी घातली, आणि जीप स्वतः घाटात नेली तो हरणासारखी चढली. मग महाराज बसले, तो पुन्हा शेळ्या पुढे. पुन्हा नरसोपंत बसले, चढली; पुन्हा महाराज बसले, न चढली. नरसोपंतांनी विचारिले, "महाराज, रेस पुरती दाबता ना?" महाराज बोलिले, "अहो, पुढे दाबायला जागाच उरत नाही, इतकी दाबतो!" तेव्हा सगुणाबाई आत्यासाहेब, ज्यांनी महाराजांस लहानाचे मोठे केले आणि अंमळ जास्तच मोठे केले, त्या पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "नरसोपंत, आडपडदा नको. आमचा भानू जड आहे का?" नरसोपंत घाम पुसत म्हणाले, "जड कसे म्हणू, आत्यासाहेब? भरीव आहेत." मग मोठा तराजू आणविला, आणि एका पारड्यात महाराज बसले, दुसऱ्यात नरसोपंत, आणि पारडी सम होईतो नरसोपंतांच्या मांडीवर गुळाच्या ढेपा रचिल्या, आणि तोच गूळ घेऊन नरसोपंत घाटात गेले, तो जीप एका दमात माथ्यावर! मग दरबाराने निवाडा केला की दोष भाराचा नव्हे. महाराजांचा प्रतापच ऐसा की यंत्रास सोसत नाही. आत्यासाहेबांनी दृष्ट काढिली. महाराज हसले खरे, परंतु मनात म्हणाले, प्रताप असता तर शेळ्या मागे राहिल्या असत्या.

ऐसा मुहूर्ताचा दिवस उगवला. मुंडावळ्या बांधून महाराज चाकामागे बसले, आत्यासाहेब मागे बसल्या, वऱ्हाड बैलगाड्यांतून निघाले, आणि वळण आले तो जीप कण्हू लागली, आणि मागे घंटांचा नाद आला. तो शेळ्यांचा होता. महाराज आपल्याशीच पुटपुटू लागले, "घाट तोच, चाके तीच, भारही तितकाच भरला होता. गूळ चढतो, आम्ही चढत नाही. मग गुळास नव्हते आणि आम्हांस आहे, ऐसे काय?"

आत्यासाहेब मागून फणकारल्या, "मान, बाबा, मान! गुळाची आणि तुझी बरोबरी? गुळाला कधी कुणी पायघड्या घातल्यात?"

महाराज थबकले आणि पायांकडे पाहते जाहले. तो रेसचा पेडल अर्ध्या वाटेवर मखमलीत रुतोन बसला होता. सपाटीवर अर्धी रेस पुरत होती, म्हणोन कधी कळले नाही. घाट उरलेली अर्धी मागत होता, आणि त्या अर्ध्या जागेत चार पदरी मान बसला होता. महाराजांनी ब्रेक दाबिला आणि खाली वाकून पायघडीस हात घातला, तो आत्यासाहेबांनी दुसरे टोक धरिले. "भानू, सोड! उघड्या पत्र्यावर पाय पडला तर राज्य जाईल!"

"आणि नाही पडला तर मैनाराजे जातील, आत्या."

आत्यासाहेबांनी घटकाभर शेळ्यांकडे पाहिले, मग अंगाने सुटलेल्या भाच्याकडे पाहिले, आणि टोक सोडिले. मखमल रस्त्यावर गेली, तीवर दोन शेळ्या बसल्या, आणि महाराजांनी पाय पत्र्यास भिडेतो रेस दिली, तो जीप ऐशी उधळली की आत्यासाहेब आसनावरून वीतभर उडाल्या आणि ओरडल्या, "अरे, हळू! आता प्रताप आवर!"

गडाच्या दारी डोंगरकरी ढकलण्यास बाह्या सारून उभे होते, ते तसेच उभे राहिले. मैनाराजे माळ घेऊन पुढे आल्या, आणि त्यांच्या सख्यांनी महाराजांपुढे तांबड्या पायघड्या उलगडिल्या, त्या पाहताच महाराज दचकले आणि कडेच्या खडीवरून चालू लागले. मैनाराजे म्हणाल्या, "अहो, तिथे खडी आहे, टोचेल."

महाराज बोलिले, "टोचू दे. पाय टेकला आहे, हे तरी कळते."

येणेप्रमाणे लग्न लागले, तुलेचा गूळ वऱ्हाडास वाटिला, आणि एक ढेप राखोन आत्यासाहेबांनी तीस देवघरात मखमलीवर बसविले, कारण घाट प्रथम तिने जिंकिला होता. तात्पर्य, गाडी चढत नसेल तर यंत्र जरूर उघडावे, परंतु त्याआधी पायाखाली एकवार पाहावे. हकीकत इतकीच.