दोन शिवप्रिया

व्हिडिओ कॉल बंद करायचे, हा निर्णय माझा. आमच्या घरात माझा निर्णय वर्षाकाठी एखादाच होतो, म्हणून तो मी जरा जोरात जाहीर केला.

कारण साधं होतं. राजेश्वरी, म्हणजे माझी बायको, नर्स. कोरोना आला तशी तिची ड्यूटी धाराशिवच्या कोविड सेंटरला लागली आणि ती तिकडंच राहू लागली. परंड्यात उरलो मी आणि आमची सहा वर्षांची शिवप्रिया. संध्याकाळी फोनमध्ये आई दिसली की शिवू हुंदके द्यायची आणि तशीच उपाशी झोपायची. (मीही उपाशीच झोपायचो, पण ते माझ्या स्वयंपाकामुळे.) म्हणून ठरवलं, नुसतं बोलायचं, बघायचं नाही. राजेश्वरी म्हणाली, "बरं. पोरगी जेवली पायजे."

पुढं बेचाळीस दिवस मला बायको दिसली नाही. लग्नाचा फोटो मी इतक्यांदा बघितला, की त्यात मागं उभा असलेला आचारीसुद्धा घरचा वाटू लागला.

शिवूची शाळा इंटरनॅशनल. म्हणजे फाटकावर सात देशांचे झेंडे आहेत. त्यातला एक कुठला, हे संस्थाचालकांनाही ठाऊक नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत शाळेनं आम्हाला फार सांभाळलं. शाळेची गाडी घरोघरी वह्या आणि रंग पोचवायची. वर्गाच्या प्रतीक्षा मॅडम दर रविवारी फोन करायच्या आणि शिवूच्या आधी माझी चौकशी करायच्या. "तुम्ही नीट जेवता ना?" असं कचेरीत मला चौदा वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

वर्ग रोज दहाला, मोबाईलवर. कचेरीत दहा टक्केच हजेरी होती आणि त्या दहांत साहेब मला धरत नव्हते. तेव्हा मी शिवूशेजारी बसायचो. कवायतही करायचो. वर शर्ट, खाली लुंगी. (कवायतीत उड्या आल्या की मी पाणी प्यायला जायचो.)

एके दिवशी पडद्यावरची नावं वाचत होतो, तर शिवप्रिया दोनदा. एक आमची. दुसरीच्या चौकटीत नुसता काळोख. ती सव्वाअकराला यायची, साडेअकराला जायची, तोंडातून चकार शब्द नाही. तीन दिवस पाळत ठेवली आणि माझी खात्री पटली. कुणीतरी आमच्या पोरीच्या नावानं वर्गात घुसत होतं.

दुसऱ्या कुणी मॅडमना फोन लावून विचारलं असतं. मी पडलो जावक विभागातला कारकून. मी अर्ज लिहिला. विषय : तोतया शिवप्रिया हिचा बंदोबस्त होणेबाबत. खाली, प्रत माहितीसाठी : सर्व पालक. अर्ज ग्रुपवर टाकला आणि मुख्याध्यापकांनी दहा मिनिटांत ते नाव काढून टाकलं. माझ्या कुठल्याही कागदावर इतक्या लवकर कार्यवाही झालेली नव्हती. त्या दिवशी मी स्वतःसाठी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राजेश्वरीचा फोन.

"माझं नाव कुणी काढलं वो?"

"कशातनं?"

"वर्गातनं. शाळेचं ॲप माझ्या फोनवर बी हाय की, शिवूच्याच नावानं. प्रतीक्षा मॅडमला इचारून बसत होते. जेवायच्या सुट्टीत, पंधरा मिंटं."

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना?"

"पोरीनं मला बघायचं न्हाई, एवढंच ठरलं होतं. म्या तिला बघायचं न्हाई, असं कुठं ठरलं होतं?"

ती तिकडं डबा पुढ्यात ठेवून, आवाज न करता, आपली लेक पाढे कसे म्हणते ते बघत होती. आणि मी तिला तोतया ठरवून, सर्व पालकांना प्रती देऊन, बाहेर काढलं होतं. फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, थोडा रागही आला.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमीच बसला असता फोनम्होरं. मग शिवू दिसली असती व्हय मला?"

मी ताबडतोब दुसरा अर्ज लिहायला घेतला. विषय : पहिला अर्ज रद्द समजणेबाबत. तेवढ्यात मॅडमचाच फोन आला. "अर्ज राहू द्या," त्या म्हणाल्या. "नाव मी परत घातलंय. उद्या सव्वाअकराला मी शिकवणं थांबवते. आईला कॅमेरा लावू द्या. शिवू रडली तर रडू दे, आपण सगळे आहोत ना."

दुसऱ्या दिवशी मी दाढी केली, शर्टाला इस्त्री केली, पँटसुद्धा घातली. सव्वाअकरा झाले. काळ्या चौकटीत उजेड आला. निळी टोपी, मास्क, वर मोठा चष्मा. दिसत होते ते फक्त डोळे. वर्गातली बावीस घरं बघत होती. आधी लेकीनं बोलायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण ते डोळे बघितले आणि मला राहवलं नाही.

"राजी," मी म्हणालो, "घर खायला उठतंय गं. तुझी निळी साडी उशाला घेतल्याबिगर झोप येत न्हाई."

शिवूनं माझी बाही ओढली. मी तिला थांब म्हणालो.

"किती बी झाकून घे तोंड, तुझे डोळे मी हजारात ओळखीन. लवकर ये."

"पप्पा," शिवू म्हणाली, "ही मम्मी न्हाई."

चौकटीतल्या बाई खाकरल्या. "दाजी, मी द्वारकाबाई. राजेश्वरी हात धुवायला गेलीया. फोन तेवढा धरलाय म्या."

मग मागून दुसरी निळी टोपी आली. हुबेहूब तसलाच मास्क, तसलाच चष्मा. शिवू जागेवरून उठली, पडद्याला नाक लावून "मम्मी" म्हणाली आणि तोंड उघडून पडलेल्या दाताची जागा दाखवू लागली. राजेश्वरी बघत राहिली. पंधरा मिनिटं दोघी दातावरच बोलत होत्या.

शिवू काही रडली नाही. मॅडमना म्यूट करावं लागलं ते मला.