चाळीस किलोंचा न्याय

यंदाची ढाल पॅकिंग खात्याचीच, हे सर्जेरावांनी दसऱ्यालाच जाहीर करून टाकलं होतं. चितेगावच्या त्यांच्या कारखान्यात दर हिवाळ्यात खात्याखात्यांत रस्सीखेच होते. नियम साधा: आठ गडी, सगळ्यांचं मिळून वजन सहाशे चाळीस किलोंच्या आत. गेली अठरा वर्षं सर्जेराव सगळ्यात मागे, कमरेला रस्सी गुंडाळून उभे राहत आणि अठरा वर्षं पुढे ओढले जात. मार्चमध्ये निवृत्ती, म्हणजे ही शेवटची संधी. म्हणून त्यांनी गड्यांना दिवाळीभर खाऊ घालून सहाशे अडतीसवर आणलं होतं, आणि पहिले तिन्ही सामने पॅकिंगने जिंकलेही होते.

उपांत्य सामन्याला दहा दिवस उरले असताना स्पर्धा कमिटीचा कागद आला. सुरक्षेच्या कारणास्तव वजनाची मर्यादा आता सहाशे किलो.

सर्जेरावांच्या पोटात गोळा आला. पोट मोठं, त्यामुळे गोळाही मोठाच! अर्धी स्पर्धा एका नियमावर आणि उरलेली दुसऱ्यावर, ही कुठली रीत? त्यांनी त्याच दुपारी अर्ज खरडला, आठ जणांच्या सह्या घेतल्या आणि कमिटीचे सेक्रेटरी इंद्रजीत साहेब यांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, बघू.

“बघू म्हंजे नाय,” बाहेर येऊन ते धम्मपालला म्हणाले. रस्सीवर हा त्यांच्या पुढचा गडी. “अडतीस किलो उतरवायचे. आजपासून कँटीनची पायरी कुणी चढायची नाय.”

सगळ्यांनी शपथ घेतली. वडा नजरेस पडला तर निश्चय टिकणार नाही, म्हणून गडी मागच्या गेटने कामावर येऊ लागले. डाव फुटू नये म्हणून दुसऱ्या खात्यांशी बोलणंही सोडलं. सर्जेराव डब्यातली नुसती काकडी खात. घरी भाकरी जशीच्या तशी परत येताना पाहून त्यांची बायको मनकर्णाबाई धास्तावल्या आणि शहागंजातल्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागल्या. खरी धास्ती सर्जेरावांनाच होती. आपण चुकून खाल्लेलं एक बिस्कीट संघाला बुडवणार, असं त्यांना सारखं वाटे. दिवसातून चारदा ते माल तोलायच्या काट्यावर चढत. आकडा उतरला नाही की घाम फुटे. मग घामाने तरी उतरेल म्हणून जरा बरं वाटे.

सामन्याच्या सकाळी आठ जण काट्यावर चढले. पाचशे नव्व्याण्णव! सर्जेरावांचे डोळे भरून आले. तेवढीच ताकद उरली होती.

मग समोरच्या संघाचे, मशीन शॉपचे गडी आले. होते तसेच, गुबगुबीत. भरले सहाशे एकोणचाळीस.

“साहेब, हे बाद,” सर्जेराव म्हणाले.

“बाद कसे?” इंद्रजीत साहेबांना नवल वाटलं. “तुमचा अर्ज मंजूर केला की. मधीच नियम बदलणं अन्याय हाय, लई बरोबर लिहिलं होतं तुम्ही. तिसऱ्याच दिवशी नोटीस लावली, पुन्हा सहाशे चाळीस म्हणून.”

“कुठं लावली?”

“कँटीनच्या फळ्यावर. दुसरीकडं कुठं लावणार?”

सामना उरकायला वजन करण्याइतकाही वेळ लागला नाही. शिट्टी वाजली आणि सर्जेराव एकोणिसाव्यांदा पुढे गेले, या वेळी पोटावर घसरत. त्यांना फार वाईट वाटलं. माती झटकत ते तिथंच बसून राहिले.

“काका,” धम्मपाल हळूच म्हणाला, “आपल्याला कुणी सांगितलंच नाय. अर्ज करायचा का?”



“नको रे बाबा,” सर्जेराव म्हणाले. “मंजूर झाला म्हंजे?”