मेबलच्या दारातली उडी

"लोर्ना, तुझ्या भावाला सांग, त्याचा पाय माझ्या हद्दीत आलाय."

"लोर्ना, तुझ्या नवऱ्याला सांग, हद्द बर्फाच्या पेटीपाशी आहे. आणि पेटी अजून माझ्या पायाच्या पलीकडे आहे."

लोर्नाने कोणालाच काही सांगितलं नाही. ती ट्रेलरच्या दारातल्या पायरीवर बसून मक्याची कणसं सोलत होती. तिच्या पाठीमागे नवरा डेलमार एका बाकाखाली आणि भाऊ हार्लन दुसऱ्या बाकाखाली पालथे पडले होते. दोघांची टाळकी एकमेकांना लागतील इतकीच जागा आत होती, पण गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून दोघांचं बोलणं बंद होतं. डेलमारने अंगणात उकळत्या तेलात अख्खी टर्की तळायला घेतली होती आणि त्या नादात हार्लनचं नवंकोरं कुंपण पेटवून दिलं होतं. टर्की उत्तम झाली होती, हे डेलमारने त्याच वेळी बोलून दाखवायला नको होतं.

असे हे दोघे एका ट्रेलरात शिरले, याला कारण मेबल. मेबल म्हणजे तो ट्रेलरच, अ‍ॅल्युमिनियमचा, पावासारखा गोलसर. लोर्ना आणि हार्लनच्या वडिलांनी, ऑर्विलने, लग्नानंतर हौसेने घेतलेला. दर उन्हाळ्यात गाडीला जोडून इंडियानातल्या प्रत्येक तळ्याकाठी तो नेलेला. आता ऑर्विल राहिले नव्हते आणि त्यांची बायको इर्मा सत्त्याऐंशीची झाली होती. तिने वसंतात एक दिवस जेवताजेवता जाहीर केलं, की मेबल विकायची. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, टोलिडोचा कोणी मिस्टर फिंक. तो मेबलच्या कुशीला मोठी खिडकी कापून आत लिंबू सरबताचं दुकान थाटणार होता.

घरात सुतक आल्यासारखं झालं. लोर्नाने रडून पाहिलं, हार्लनने रागावून पाहिलं. शेवटी म्हातारी एवढंच म्हणाली, "जुन्या ट्रेलरांच्या मेळाव्याला तिला नीट करून न्या. मला तिच्यात एक रात्र झोपता आलं, तर नाही विकणार. नाही आलं, तर शनिवारी सहा वाजता फिंक येईल आणि घेऊन जाईल."

झोपता येणं म्हणजे बिछान्यावरचा दिवा लागणं, असा सगळ्यांनी अर्थ घेतला. मेबलमधल्या कापडी वेष्टणाच्या वायरी हात लावताच भुगा होऊन गळत होत्या. त्या सगळ्या उपटून नव्या घालायच्या ठरल्या. डेलमारचा जन्म मोटारींच्या गॅरेजात गेलेला, म्हणून बॅटरीकडची बाजू त्याची. हार्लनचा जन्म लोकांच्या घरांत वायरिंग करण्यात गेलेला, म्हणून प्लगकडची बाजू त्याची. मध्ये बर्फाची पेटी. आता मेळाव्याच्या मैदानावर शनिवार उजाडून कलायला लागला होता, आणि दोन्ही फौजा पेटीपाशी येऊन भिडल्या होत्या.

"लोर्ना, त्याला सांग, काळीला काळी जोड आणि पांढरीला पांढरी. एवढं तर कळत असेल."

"कळतं म्हणावं."

काळीला काळी जुळली, पांढरीला पांढरी जुळली, डेलमारने बॅटरी लावली आणि आत कुठेतरी 'टक्' झालं. फ्यूज गेला. नवा घातला, तोही गेला. मग दोघेही बाकाखालून बाहेर आले आणि लोर्नाकडे तोंड करून एकमेकांवर ओरडू लागले.

"काळी म्हणजे निगेटिव्ह. मोटारीत काळी कायम निगेटिव्ह असते. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"काळीत करंट असतो, लोर्ना. घरात काळीतूनच करंट येतो. आणि हे घर आहे."

"घराला चाकं असतात का, विचार त्याला."

"मोटारीत पलंग असतो का, विचार त्याला."

लोर्नाने कणीस खाली ठेवलं. "ट्रेलरवाले कोणती काळी धरतात?"

ते दोघांनाही माहीत नव्हतं. शेजारच्या ट्रेलरवाल्याला विचारून यायला अर्थातच तिलाच जावं लागलं. ट्रेलरात काळीतच करंट असतो, असं कळलं. हार्लन शीळ वाजवू लागला. डेलमारने आपल्या बाजूच्या सगळ्या जोडण्या उलट्या करून घेतल्या, आणि ती शीळ त्याला तेवढा वेळ ऐकावी लागली.

इर्मा मात्र बाहेर शांत बसली होती. मेबलच्या दारापुढे एक रबरी चटई पसरलेली, तिच्यावर तिची घडीची खुर्ची, चटईवर दोन्ही पाय, आणि मांडीवर ओव्हनमधून गरम भांडी काढायचा जाडजूड हातमोजा. हा मोजा घेतल्याशिवाय ती कधी मेबलकडे फिरकली नव्हती. म्हातारीला दाराच्या मुठीवर बोटांचे डाग पडलेले खपत नाहीत, असं सगळे समजत. या घराण्याची दुसरी रीत म्हणजे उडी. मेबलमध्ये शिरताना चटईवरून दोन्ही पाय जोडून आत उडी मारायची, उतरतानाही तशीच. ऑर्विलने मुलांना लहानपणी शिकवलेला तो खेळ होता. मुलं साठीच्या घरात आली तरी उड्या मारत होती, आणि डेलमारही जावई म्हणून आल्यापासून मारत होता.

चार वाजता हार्लनने मेबलची तीन पायांची पिन मैदानातल्या विजेच्या खांबात खोचली. खांबावरचा स्विच, करंट जरा बाहेर गळला की पडणारा, तत्काळ पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला.

"खांब खराब आहे," हार्लन म्हणाला.

"लोर्ना, शेजाऱ्यांचा कॉफीपॉट त्याच खांबावर चाललाय, हे त्याच्या लक्षात आलंय का?"

"माझं वायरिंग चुकत नाही. चाळीस वर्षांत एक घर जळलं नाही. कुंपण तर नाहीच नाही."

लोर्नाने घड्याळाकडे पाहिलं. मेळाव्यात शनिवारी दुपारी सगळ्यांनी आपापल्या ट्रेलरांची दारं उघडी ठेवायची आणि एकमेकांच्या घरांत डोकावून यायचं, अशी चाल. समोरच्या रांगेत दिवे लागले होते, पडदे बांधले होते, गुळगुळीत दाढी केलेली माणसं शेजाऱ्यांच्या फरशीचं कौतुक करत होती. मेबल तेवढी आंधळी उभी होती आणि सहाला फिंक यायचा होता.

तेवढ्यात डेलमारला चमच्यांच्या खणात ऑर्विलचा जुना अडॅप्टर सापडला. एका बाजूला तीन भोकं, दुसऱ्या बाजूला दोनच पाय, बटणाएवढा तपकिरी तुकडा. "म्हाताऱ्याची मेबल जन्मभर यावर चालली," तो म्हणाला, आणि हार्लनने लोर्नामार्फत हरकत घ्यायच्या आत पिनेला तो लावून त्याने ती खांबात खोचली.

स्विच पडला नाही. बिछान्यावरचा दिवा लागला. पिवळा, ऊबदार उजेड लाकडावर पसरला आणि लोर्नाला बालपणीचे सगळे उन्हाळे एकदम आठवले. तिने चटईवरून आत उडी मारली, दिव्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला व भावाला पाठोपाठ मिठी मारली. हार्लनसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "लागला खरा."

पहिल्या पाहुण्या विल्माबाई. हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं, पाय अनवाणी, आदल्या रात्रीच्या पावसाने गवत ओलं. म्हातारीची स्वच्छ चटई चिखलाच्या पायांनी कशी तुडवायची, म्हणून त्या चटईला वळसा घालून बाजूने आल्या आणि त्यांनी दाराची मूठ धरली. त्यांच्या तोंडून एक किंकाळी निघाली, भांडं गवतात गेलं, आणि मेबलमध्ये अंधार झाला.

"तुम्ही उडी नाही मारलीत," इर्मा म्हणाली.

विल्माबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बिचारीचं वय झालंय, असा चेहरा करून त्या सॅलड गोळा करू लागल्या.

डेलमारने स्विच वर केला. दिवा लागला. मग दोघांनी मेबल तपासली. डेलमार चटईवरून उडी मारून आत गेला, उडी मारून बाहेर आला. दिवा हलला नाही. हार्लन उडी मारून आत गेला, सगळ्या भिंती चाचपल्या, उडी मारून बाहेर आला. काही नाही. दोघांनी एकमताने, अर्थात लोर्नामार्फत, निदान केलं, की विल्माबाईंच्या हृदयाचं काहीतरी आहे.

पुढचा पाहुणा एक निवृत्त पाद्री. तोही सभ्यपणे चटई टाळून आला. त्याच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही प्रवचनात बसणारं नव्हतं. पुन्हा अंधार. तिसरं एक जोडपं आलं, हातात हात घालून. दोघांना एकदमच झटका बसला. पुन्हा अंधार. मग मात्र मेबलपुढून माणसं पलीकडच्या कडेने जाऊ लागली. घरच्यांना काही होत नव्हतं आणि परक्याला ती उभी करत नव्हती.  चटईवर उभं राहून, हातातल्या न पेटलेल्या टेस्टरकडे बघत हार्लन पुटपुटला, "असं होऊच शकत नाही."

आणि सहाला दहा कमी असताना फिंक आला. तळ्यात पाय बुडवून आलेला, ओल्या सपाता, गुलाबी टोपी. सरबताचा धंदा त्याच्या अंगावर आत्ताच दिसत होता.

"दाराला हात लावू नका," लोर्ना म्हणाली.

"का बरं?" असं म्हणत फिंकने हात लावला.

टोपी उडाली, दिवा गेला. फिंक दोन पावलं मागे जाऊन दंड चोळत उभा राहिला. लोर्नाच्या मनात आशेची पालवी फुटली. हा आता पळून जाईल, असं तिला वाटलं.

"वायरिंग बेकार दिसतंय," फिंक समजूतदारपणे म्हणाला. "काळजी करू नका. मी तर सगळ्या वायरी उपटूनच टाकणार आहे. पलंगही काढणार. ट्रक आणलाय सोबत."

लोर्नाला आता खरोखर रडू आलं. ती मटकन चटईवर बसली, आईच्या पायांपाशी. समोर आईचा हातमोजा. पलीकडे ओल्या गवतात सॅलडचे उरलेले तुकडे. आणि इतकी वर्षं ज्याचा कधी विचार केला नव्हता, तो विचार तिच्या डोक्यात हळूहळू उभा राहिला.

"आई, तू ही चटई कशाला आणतेस?"

"मेबल चावते म्हणून," इर्मा म्हणाली. "कशाला म्हणजे काय? पहिल्यापासून चावते. तुमच्या बाबांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, अ‍ॅल्युमिनियमचा स्वभावच असतो तो, सगळ्याच ट्रेलरना असतो. मग त्यांनी ही चटई आणली. तुम्ही पोरं घाबराल म्हणून खेळ काढला उडीचा. मला हा मोजा घेऊन दिला."

 हार्लनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. चाळीस वर्षं त्याने लोकांना विजेपासून वाचवलं होतं, आणि त्याहून जास्त वर्षं तो स्वतः दर उन्हाळ्यात विजेवरून उड्या मारत होता.

"लोर्ना," तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, त्याच्या त्या अडॅप्टरमध्ये अर्थिंगचा पायच नाही. आणि तो उलटसुलट कसाही बसतो. म्हणून करंट मेबलच्या अंगावर आलाय, ओल्या जमिनीवरून हात लावला की बसतो."

"भावाला सांग, अडॅप्टर लावायची पाळी का आली? खांब स्विच का पाडत होता?"

हार्लनने बुटांकडे पाहिलं. "कारण मी आत हिरवा स्क्रू आवळलाय. घरात तो लागतो, न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, आणि अर्थिंग एकत्र बांधायला. ट्रेलरात तो ठेवायचा नसतो, कारण ते काम मैदानाच्या मुख्य बोर्डात आधीच झालेलं असतं. मी घर समजून केलं." मग तो लोर्नाकडे न बघता म्हणाला, "डेलमार, पिन काढ आणि स्क्रू-ड्रायव्हर दे."

डेलमारने खांबातली पिन काढली, अडॅप्टर खिशात घातला आणि स्क्रू-ड्रायव्हर हार्लनच्या हातात दिला. "कुंपणाचं मला वाईट वाटतं," तो म्हणाला.

"टर्की चांगली होती," हार्लन म्हणाला, आणि पाय जोडून आत उडी मारली.

हिरवा स्क्रू निघाला. तीन पायांची पिन थेट खांबात गेली. स्विच पडला नाही, दिवा लागला, टेस्टर मुका राहिला. सहा वाजले होते. आता प्रश्न एवढाच उरला, की ओल्या गवतात उभं राहून मूठ धरून कोण बघणार. डेलमारने हार्लनकडे पाहिलं. हार्लनने डेलमारकडे पाहिलं. टेस्टर खोटं बोलत नाही, असं हार्लन दोनदा म्हणाला, पण हात खिशातच राहिले. फिंक तर आधीच ट्रककडे सरकला होता.

खुर्ची करकरली. इर्मा उठली होती. तिने वाकून सपाता काढल्या, चटईवरून खाली गवतात पाय ठेवला, मग दुसरा ठेवला. "आई, थांब," लोर्ना म्हणाली, तोवर म्हातारीने मोजा खुर्चीवर टाकून उघड्या हाताने दाराची मूठ धरली.

दिवा जळत राहिला. इर्माही तशीच उभी राहिली. मग तिने तळहात दारावर ठेवला आणि सावकाश फिरवला.

"किती गार आहे," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत मी हिला कधी निवांत हातच लावला नव्हता."

लोर्नाने डोळे पुसले. "मग आता दिवाही लागला, आई."

"दिव्याचं काय घेऊन बसलीस. अंधारात झोपायला मला काय धाड भरलीय?" इर्मा म्हणाली. "माझे गुडघे गेलेत. उडी मारता येत नाही मला आता. म्हणून विकत होते. दोन वर्षं झाली, कुणाला कसं सांगायचं?" मग ती ट्रककडे वळली. "मिस्टर फिंक, सरबताचं दुकान तुम्ही दुसऱ्या कशात तरी काढा. ही रिकामी नाहीये."

आणि एक हात मुठीवर ठेवून, आधी उजवा पाय, मग डावा, अशी ती पायरी चढून सरळ आत गेली. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाहेर घरची तिघं उरली. मग लोर्नाने चटईवरून दोन्ही पाय जोडून आत उडी मारली. तिच्यामागून डेलमारने मारली, आणि शेवटी हार्लनने. कपाटातल्या बशा खळखळल्या.

"आता कशाला उड्या मारताय?" आतून इर्मा म्हणाली. "माणसांसारखे या की."