गायकवाड सरांचे डबे

गायकवाड सरांपुढे ‘काम झालं’ एवढं म्हणून कुणी सुटत नाही. “झालं म्हंजी काय? हाती काय आलं ते सांगा,” असं म्हणून ते आपल्या तोंडाकडे बघत राहतात. प्रयोगशाळा बंद करून आलेल्या शिपाई मामांना त्यांनी एकदा ‘कडी लागली का न्हाय?’ एवढ्या उत्तरासाठी पुन्हा वर धाडलं. तेव्हापासून सर दिसले की मामा जिना बदलतात.

सर आमच्या कळंबच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमचं टेबल एक, त्यामुळे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा न शिकताही तिच्यातल्या थ्रेडचा घोटाळा मला तोंडपाठ झाला आहे. काम मोठं असलं की प्रोग्रॅम ते वाटून देतो आणि एकेका कामावर एकेक थ्रेड सोडतो. थ्रेड जातो, काम करतो, संपतो. पोरं त्याच्या कामात शेवटी ‘रिटर्न’, म्हणजे उत्तर परत दे, असं लिहून त्याची वाट बघत बसतात. ‘जॉइन’ केलं तर थ्रेड संपेपर्यंत थांबता येतं, पण हातात भोपळाच. दरवर्षीचा वर्ग हीच चूक करतो.

“शेजारणीचा डबा तुमची आई रिकामा परत देती का?” सर विचारतात. “न्हाय ना? मग थ्रेडला जातानाच डबा द्या. उत्तर त्यानं त्यात टाकायचं. तो संपला की आपण झाकण उघडायचं.” डबा म्हणजे प्रोग्रॅममधली रिकामी लिस्ट, हे मला फार उशिरा कळलं.

एका शनिवारी त्यांनी खोलीवरून खरेच दोन स्टीलचे डबे आणले आणि मला आणि आणखी एका प्राध्यापकाला थ्रेड केलं. मी एसटी स्टँडवर भूमच्या गाडीची वेळ विचारायला गेलो. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने माझा रिकामा डबा पाहिला, हळहळला आणि स्वतःची अर्धी भाकरी त्यात ठेवली. पुढे गाडीची वेळ विचारायची मला लाज वाटली. प्राचार्यांकडे गेलेल्या दुसऱ्या डब्यात त्यांची चिठ्ठी आली: ‘कामाच्या वेळेत डबे फिरवू नयेत.’ सरांनी ती वर्गाला आनंदाने वाचून दाखवली. “काम फसलं तर तेबी डब्यातच यावं लागतं. न्हायतर आपल्याला पत्ताच लागत न्हाय.” भाकरीही त्यांनीच खाल्ली.

हेच सर रोज साडेचारला गावी, जळकोटला, आईला फोन लावतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिची वाचा गेली आहे. बोलत राहा, एखादा शब्द फुटेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याला दीड वर्ष झालं. तो एक शब्द सरांना हवा आहे. भावजय आईच्या कानाशी फोन धरते, इकडे स्पीकर चालू असतो. “जयभीम, माय. जेवलीस का?” मग सर थांबतात. “शेळी व्याली म्हणं?” पुन्हा थांबतात. म्हाताऱ्या माणसाला सावकाश उत्तर देता येईल, एवढं थांबतात. मला ते ऐकवत नाही. मी पेपर तपासल्याचं नाटक करतो.

गेल्या सोमवारी पलीकडून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. दहा मिनिटांनी सरांनी फोन ठेवला. मी न राहवून विचारलं, “काय म्हणाल्या आई?”

“लई बोलली आज,” सर म्हणाले. “म्हणली, उन्हाचं फिरू नको.”

“खरं आहे,” मी म्हणालो. “ऊन फार आहे.”