तो कोट मी जाळला नाही

तो कोट मी जाळला नाही. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय, की आता गल्लीतली कुत्रीसुद्धा मला बघून मान फिरवतात. कुणी विश्वास ठेवला नाही. सख्ख्या बहिणीने नाही, पोटच्या लेकीने नाही, समोरच्या बेकरीवाल्याने नाही (त्याचा काही संबंध नव्हता, तरीही नाही). मी तापट आहे, तोंडाची फटकळ आहे, कबूल. पण तापट बाई आणि तापलेली इस्त्री यांत काही फरक आहे की नाही?

आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, कंबर सैल करणं (घट्ट करायला हल्ली कुणी येत नाही), रफू करणं. मी आणि माझी ताई, दोघी मिळून चालवायचो. दाराशी एका टेबलावर आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग आणि तोंडाला कुलूप. दिवसभरात बोलले तर ‘हं’, फारच बोलले तर ‘हं हं’. गल्लीत त्यांना सगळे गुपचिळी म्हणतात. मीही म्हणते, पण मनात. (रागात असले की मोठ्याने.)

आई गेली तेव्हा तिचा राखाडी लोकरी कोट मागे राहिला. ताई मुलाकडे राहायला लांबच्या थंड गावी निघाली होती, म्हणून कोट तिने न्यायचा असं ठरलं. मीच म्हटलं, ने. मनातून म्हटलं नव्हतं, पण तोंडाने म्हटलं होतं. निघायच्या दिवशी ती बॅग आणायला बाजारात गेली, मी एका गिऱ्हाइकाची पँट पोचवायला गेले. दोघी परत येऊन बघतो तर कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा. टोकासकट.

“द्यायचा नव्हता तर सांगायचं,” ताई म्हणाली. “जाळायचा कशाला?”

“मी? माझ्या आधी तू आलीस!”

“आधी तू आलीस!”

यांना विचारलं, “अहो, सांगा, आधी कोण आलं?” हे म्हणाले, “हं.” त्या ‘हं’चा अर्थ तिने तिच्या बाजूने लावला, मी माझ्या. मग जे तोंड सुटलं दोघींचं, की बेकरीवाला पाव भट्टीत सोडून ऐकायला आला. ताई कोट टाकून निघून गेली. तेव्हापासून अबोला. तिचा नंबर माझ्याकडे आहे. माझा तिच्याकडे आहे. पण पहिला फोन जी करेल ती हरली, हे दोघींनाही न बोलता कळलेलं आहे. एकाच आईच्या ना.

तिची कात्री अजून तिच्याच खिळ्याला टांगलेली आहे. तिला हात लावला तर मी हात तोडीन, असं यांनाही सांगून ठेवलंय. एखादं अवघड रफू जमलं की मी अजून उजवीकडे वळून “बघ” म्हणते. उजवीकडे आता भिंत आहे.

कोटही मी रफू केला. त्याच्याच आतल्या शिवणीतून धागे काढून, जळलेल्या जागी उभे-आडवे विणून, एक अख्खा हिवाळा घालून. डाग कुणाला दिसेना. बेकरीवाला म्हणाला, “छान.” त्याला काय कळतं? हे म्हणाले, “हं.” जगात एकच माणूस होतं, जे कोट उजेडात धरून, डोळे बारीक करून, माझं रफू शोधून काढू शकलं असतं. आणि शोधणारंच नसेल, तर इतकं लपवून उपयोग काय?

तेव्हा मला ब्लॉगची कल्पना सुचली. ताईची सवय मला ठाऊक. अडलं तर माणसाला विचारणार नाही, फोनला विचारेल. मी फोन करायला नको, मी पत्र लिहायला नको. मी आपलं कपडे दुरुस्तीवर लिहायचं आणि ते तिला ‘सापडायचं’. सापडलं तर त्यात माझी हार कुठे आली?

(मी चौथीपर्यंत शिकलेली. पण भांडण लिहून काढायला चौथी पुरते.)

लेक दुसऱ्या शहरात एका ऑफिसात आहे. लोकांची पानं इंटरनेटवर वर आणून द्यायची, हेच तिचं काम. तिने ब्लॉग काढून दिला. मी कोटाचा फोटो टाकला, इस्त्रीचा डाग कसा रफू करावा ते सविस्तर लिहिलं आणि वर मथळा दिला, ‘बघ जरा’.

कुणी बघेना. तीन वाचक दिसायचे. एक लेक, एक मी. तिसरी ताईच असणार म्हणून मी चार दिवस हवेत. मग कळलं, तीही मीच, दुकानाच्या फोनवरून.

“आई, ‘बघ जरा’ असं कोण शोधतं?” लेक म्हणाली.

“मग काय लिहू?”

“तू कपड्याला चिठ्ठी टाचतेस ना? तशी चिठ्ठीच समज. फक्त त्यावर तुझं म्हणणं नको. गिऱ्हाइकाचं म्हणणं हवं. त्याने फोनमध्ये जे टाइप केलं, तेच वर पाहिजे.”

हे मला लगेच समजलं. आमच्यात तशीच रीत आहे. कपडा आला की चिठ्ठीवर गिऱ्हाईक बोलेल तेच लिहायचं. ‘मागून फाटली, कशी ते विचारू नका.’ लिहून टाचायचं. प्रश्न एवढाच, की लोक फोनमध्ये टाइप काय करतात?

गिऱ्हाइकांना विचारलं. बसचा ड्रायव्हर म्हणाला, “मी जगाच्या बातम्या वाचतो.” (मागे उभं राहून मी पाहिलंय तो काय बघतो.) हॉस्पिटलातली नर्स म्हणाली, “आरोग्यविषयक.” बेकरीवाला म्हणाला, “मी शोधत नाही, मला सगळं माहीत असतं.” एकजात खोटारडे! माणूस खरं फक्त फोनला सांगतं. आणि कुलूप न लावलेला फोन माझ्या ओळखीत एकाच माणसाचा होता.

हे जेवण झाल्यावर डुलकी घेत होते तेव्हा मी यांचा फोन उघडला. घड्याळाचे सेल, भिंगाची काच, आणि खाली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारलेली: ‘जुनी चूक बायकोला सांगावी का?’

आता कुठलीही शहाणी बाई इथे थांबली असती. कुठली चूक, कसली चूक, नवऱ्याला गदागदा हलवून विचारलं असतं. मी काय केलं? मी म्हटलं, वा! झकास चिठ्ठी आहे! एकदा नाही, पुन्हा पुन्हा शोधतात म्हणजे मागणी दिसतेय! आणि ती उचलून रफूच्या लेखावर टाचली.

चिठ्ठी एकाची, कपडा दुसऱ्याचा. धंद्यात ही चूक झाली तर माणूस दुसऱ्याची पँट घालून लग्नाला जातो. इथे तर जगच आलं.

दोन दिवसांत लेकीचा फोन. “आई, काय केलंस? पान एकदम वर गेलंय!”

वाचक नुसते धो धो. सगळे पुरुष. खालचं रफू एकानेही वाचलं नाही. मथळा वाचायचा आणि थेट खाली येऊन मलाच विचारायचं. ‘बाई, बायकोने विणलेला स्वेटर बसमध्ये विसरलो आणि चोरीला गेला म्हणून सांगितलं. काय करू?’ ‘बाई, सासूचा पोपट माझ्याकडून उडाला.’ बाई, बाई, बाई. मी लिहिलं असतं की हा रफूचा लेख आहे, तर विषय मिटला असता. पण कुणी सल्ला मागितला आणि मी दिला नाही, असं आजवर झालेलं नाही.

‘स्वेटर विणायला हात मोडतात, ठोंब्या. आजच सांग.’ ‘पोपट सुटला, तू कधी सुटणार? सांगून टाक.’ एकेकाला असा धुतला, की लोक नुसते माझी उत्तरं वाचायला यायला लागले.

एकाने नाव न देता, नुसतं ‘एक वाचक’ म्हणून लिहिलं: ‘चूक फार जुनी आहे. बायको तापट आहे. भीती वाटते.’

हे वाचून मला का कोण जाणे, दया आली. मी लिहिलं: ‘तापट माणसं मनाने साफ असतात. सांगून टाका, हलकं वाटेल. आणि ओरडलीच, तर तिला माझ्याकडे पाठवा. मी बघते तिच्याकडे.’

मग बेकरीवाल्याची बायको दुकानात आली. लाटणं घेऊन. स्वेटरवाला म्हणजे समोरचाच निघाला.

“कोण ती इंटरनेटवरची बाई?” ती म्हणाली. “माझा संसार सुखाचा चालला होता! मला तो स्वेटर चोरीला गेलेलाच बरा होता!”

“मला काय माहीत,” मी म्हटलं आणि शिवणयंत्र जोरात चालवलं. टेबलाशी हे खोकले. खोकले म्हणजे हसले.

वाचक वाढतच गेले. आणि मला मात्र रोज संध्याकाळी दुकान आवरताना तसंच रिकामं वाटायचं. एवढं जग आलं होतं, त्यात एक माणूस नव्हतं. कोटाचा फोटो वर तसाच, कुणी मोठा करून बघितला नाही. शेवटी ठरवलं, बंद करावं हे. उगाच लोकांचे पोपट मोजत बसायचे.

ब्लॉग बंद करायला म्हणून उघडला, तर सगळ्यांच्या खाली नवी ओळ.

‘ठिणगे, रफू बरं आहे. कॉलरखाली डावीकडे एक आडवा धागा सुटलाय. आणि कोट तू जाळलास.’

ठिणगी मला एकच माणूस म्हणतं. मी कोट काढला, दारात उजेडात धरला, डोळे बारीक केले. डावीकडे, कॉलरखाली. एक धागा. फोटोतून पकडला तिने! मी तिथेच, उंबऱ्यात, कोट तोंडाला लावून बसले. (शिंक आली होती.)

मग पदर खोचल्यासारखं बोट सरसावलं आणि लिहिलं: ‘धागा मान्य. कोट मी नाही जाळला.’

लगेच उत्तर. ‘मग कुणी? भुताने?’

‘तूच!’

‘तूच!’

बघणारे वाचक खूश. काही ताईच्या बाजूने, काही माझ्या. एवढ्यात मधेच एक ओळ उमटली, ‘एक वाचक’ यांच्याकडून:

‘मी जाळला.’

मी मान वर केली. दाराशी, टेबलावर, भिंग कपाळावर सरकवून हे फोन हातात धरून बसले होते. कानाच्या पाळ्या लाल.

“अहो!!!”

“ताईंना इस्त्री करून द्यावा म्हटलं,” हे म्हणाले. आमच्या लग्नानंतरचं त्यांचं हे सगळ्यांत मोठं वाक्य. “मधे एका घड्याळाची टिकटिक ऐकायला गेलो. फक्त एकाची.”

“आणि एवढे दिवस बोलला नाहीत?”

“तुम्ही दोघी थांबलात की सांगणार होतो.”

मी तोंड उघडलं. तर यांनी फोन माझ्यासमोर धरला. तिथे माझंच वाक्य होतं: ओरडलीच, तर तिला माझ्याकडे पाठवा, मी बघते तिच्याकडे.

“पाठवू?” हे म्हणाले.

आजवर मला गप्प करणारं कुणी भेटलं नव्हतं. त्या दिवशी मीच मला भेटले.

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा नंबर. मी उचलला आणि पहिल्यांदा काय बोलले? “पहिला फोन तू केलास!”

“तुला नाही केला. त्यांना दे.”

“का?”

“दे म्हटलं ना. तू धमकावून वदवून घेतलंस त्यांच्याकडून. मी ओळखते तुला.”

दिला. हे बोलले. मी कान लावून. “डाव्या खिशात आईंच्या खोकल्याच्या गोळ्या होत्या, ताई. इस्त्रीने वितळून अस्तराला चिकटल्या. मी ओल्या फडक्याने पुसल्या.” तिकडून ताईचं हसू आलं, ते आईसारखं, आधी श्वास मग आवाज. तो खिसा तिला चिकट लागला होता, भांडणाच्या दिवशी. कुणाला बोलली नव्हती. म्हणजे हे जाळणाऱ्यालाच ठाऊक.

मग फोन माझ्याकडे आला. कपडे दुरुस्तीचं शोधताना सापडला ना ब्लॉग, मी विचारलं. कुठलं शोधताना, ती म्हणाली. सूनबाई चहा पिताना मोठ्याने वाचत होती, कुणी एक बाई परक्या नवऱ्यांना फाडून खाते म्हणून. “पहिलं वाक्य ऐकलं आणि म्हटलं, अशी बोलणारी जगात एकच.”

म्हणजे माझं रफू नाही, माझं तोंड सापडलं तिला.

“कोट पाठवते,” मी म्हटलं.

“पाठवू नकोस. न्यायला येते.”

“कधी?”

“घाई आहे तुला?”

“मला कसली घाई,” मी म्हटलं, आणि एका हाताने तिच्या खुर्चीवरचे कपडे उचलायला लागले. ती अजून आलेली नाही. कात्रीला तेल दिलंय. सुटलेला धागा तसाच ठेवलाय, तिच्यासमोर घालीन.

बाकी जग आहे तिथेच आहे. बेकरीवाला म्हणतो, बिचाऱ्याने बायकोच्या धाकाने कबूल केलं. नर्स म्हणते, तुमच्यासाठी केवढा आळ घेतला हो त्यांनी! लेक म्हणते, “आई, खरं सांग, बाबांना किती छळलंस?” माणसाने स्वतः, जगासमोर, लिहून कबूल केलं, तरी जाळलं मीच.

म्हणून हे सगळं लिहायला बसले. लेकीला विचारलं, यावर चिठ्ठी कोणती लावू? ती म्हणाली, या वेळी ज्याची त्याला लाव. आणि शोधणाऱ्याला जे नाव सापडायला हवं, ते अगदी शेवटी लिही, एकटंच. तर, उद्या कुणी विचारलंच, कोट कुणी जाळला:

गुपचिळी.